न खाल्लेल्या घासाचा हिशेब

शुक्रवारी मटण चालत नाही, पापलेट चालते. वसईच्या कॅथलिक घरातला उपवासकाळाचा हा नियम ऐकला की शेजारच्या हिंदू माणसाच्या तोंडी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण हटकून येते. नायगाव-अर्नाळ्याचा किनारा हाकेच्या अंतरावर, टोपलीत ताजी मासळी, आणि म्हणे उपास! शंका रास्त आहे. ती विचारणाऱ्याने आपल्या ताटातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वरचा शेंगदाण्याचा लाडू तेवढा क्षणभर झाकून ठेवावा.

कॅथलिक चर्चच्या लेखी वर्ज्य ते उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे मांस. मासे त्यात येत नाहीत. दूध, लोणी आणि अंडी एके काळी येत असत, आता येत नाहीत. नियम आला की पळवाटही येते, आणि या नियमाच्या पळवाटांवर एक स्वतंत्र ग्रंथ होईल. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा डुकराएवढा मोठा, उंदराच्या जातकुळीतला प्राणी उपवासकाळात आवडीने खातात. तो पाण्यात डुंबतो, म्हणून मासळीच्या पंगतीला बसला. फ्रान्समधल्या रुआं शहराच्या कॅथीड्रलला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जाणारा एक देखणा मनोरा आहे. उपवासाच्या दिवसांत लोणी खाण्याची सूट हवी असलेल्या भाविकांनी मोजलेल्या पैशांतून तो उभा राहिला, असे सांगतात. इंग्लंडने तर कमालच केली. १५६३ साली राणी एलिझाबेथच्या राज्यात विल्यम सेसिलने बुधवारही मासळीचा वार ठरवणारा कायदा आणला. हेतू कोळी आणि खलाशी यांचा धंदा टिकवण्याचा, म्हणजे अप्रत्यक्षपणे आरमाराचा. मासे खाल्ल्याने आत्म्याचे भले होते असे कोणी सांगत सुटला तर त्याला शिक्षा, हेही त्याच कायद्यात लिहिलेले होते!

पदार्थांच्या यादीवर उभा राहिलेला उपवास शेवटी यादीशीच खेळत बसतो. हे युरोपच्या इतिहासात जितके दिसते तितकेच आपल्याकडे ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ अशी पाटी लावलेल्या दुकानातही दिसते. म्हणून ख्रिस्ती उपवास समजून घ्यायचा तर स्वयंपाकघराच्या दाराने शिरण्यात अर्थ नाही. मी शिरलो ते दुसऱ्या शतकातल्या रोममधून.

हर्मास नावाचा एक माणूस. मूळचा गुलाम, रोडा नावाच्या बाईला विकला गेलेला. ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे त्याच्या नावावरचे पुस्तक पहिल्या काही शतकांत इतके मानले जात होते की काही ठिकाणी ते बायबलच्या जोडीने वाचत. त्यात एके सकाळी हर्मास डोंगरावर बसलेला आहे. मेंढपाळाच्या रूपातला देवदूत येतो आणि विचारतो, इतक्या पहाटे इथे काय करतोस? हर्मास सांगतो, उपवास आहे. त्यावर देवदूत त्याची चांगलीच हजेरी घेतो: देवासाठी उपवास कसा करायचा हे तुम्हाला कळतच नाही. मग तो रीत समजावतो. आधी वाईट बोलणे आणि वाईट वासना यांपासून मन आवर. मग उपवासाच्या दिवशी भाकरी-पाण्याखेरीज काही घेऊ नकोस. आणि त्या दिवशी एरवी जे जेवला असतास त्याला किती खर्च आला असता ते मोज, आणि तेवढे पैसे एखाद्या विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला देऊन टाक.

मला ख्रिस्ती उपवासाचा गाभा इथे सापडतो, आणि तो अगदी वाण्याच्या वहीसारखा आहे. न खाल्लेल्या घासाची किंमत निघते, आणि ती रक्कम तुमची राहत नाही. उपवास करून पैसे वाचवले तर ती काटकसर झाली. वजन उतरवले तर ते पथ्य झाले. दोन्ही चांगल्याच गोष्टी, पण त्यांसाठी चर्चची गरज नाही.

हर्मासने हे हवेतून काढलेले नव्हते. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे गाऱ्हाणे घेऊन येतात: आम्ही उपवास करतो आणि तू बघतही नाहीस. उत्तर कडक मिळते. उपाशीपोटी तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, मुष्टियुद्ध करता; मला हवा तो उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, निराश्रिताला घरात घेणे. पुढे पाचव्या शतकात पोप लिओ यांनी आपल्या प्रवचनांतून हेच रोमकरांना पुन्हा पुन्हा बजावले: तुमच्या उपवासाने गरिबाचे पोट भरले पाहिजे.

विसाव्या शतकात हा हिशेब सामुदायिक झाला. १९६० साली इंग्लंडमधल्या कॅथलिक महिला संघटनांनी उपवासकाळातला एक दिवस ‘कौटुंबिक उपवास दिन’ म्हणून पाळायचे आवाहन केले. घराघराने त्या दिवशी साधे खाल्ले आणि वाचलेले पैसे कॅरिबियन बेटांतल्या डॉमिनिका इथल्या माता-बालक आरोग्यकेंद्राला पाठवले. त्यातूनच दोन वर्षांनी ‘कॅफॉड’ ही मोठी मदतसंस्था जन्मली. आपल्याकडे ‘कारितास इंडिया’ उपवासकाळातच भूक आणि रोग यांच्याविरुद्धची मोहीम चालवते. मिझोराममधली चाल तर याहून जुनी आणि, माझ्या मते, याहून सुंदर. १९१० पासून तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला. हे तांदूळ गोळा होऊन विकले जातात आणि पैसा चर्चच्या कामाला लागतो. याला कोणी उपवास म्हणत नाही, पण हर्मासच्या मेंढपाळाने नक्की म्हटले असते.

आता आजचे नियम. ते इतके थोडे आहेत की अनेक कॅथलिकांनाही आश्चर्य वाटते. पोप पॉल सहावे यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी काढलेल्या आदेशाने जुना बोजा उतरवला, आणि १९८३ च्या धर्मसंहितेने तीच चौकट ठेवली. उपवास फक्त दोन दिवस बंधनकारक: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचे. सकाळ-संध्याकाळ थोडे काही घ्यायला हरकत नाही, त्याचे प्रमाण स्थानिक रीतीवर सोडलेले. मांसत्याग चौदा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, वर्षभरातल्या शुक्रवारी. पण देशोदेशीच्या बिशपांना त्याऐवजी प्रार्थना वा सेवाकार्य असा पर्याय देण्याची मुभा आहे. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी असा पर्याय दिला होता. सप्टेंबर २०११ पासून त्यांनी शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा सुरू केला.

मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधीचा उपवास वेगळा. जुन्या पिढीला तो मध्यरात्रीपासूनचा आठवतो, पाण्याचा घोटही न घेता. १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ मध्ये हा काळ तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तोही लागू नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचा विचार ज्याने केला त्याने आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेली असणार.

भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर चाळीस नव्हे, शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार वजा होतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपवास नाही. चाळीस हा आकडा येशूच्या अरण्यातल्या दिवसांचा. त्यामागे सीनाय पर्वतावरचा मोशे आणि होरेबकडे चाललेला एलीया. ३२५ सालच्या निकाया परिषदेच्या एका नियमात या चाळीस दिवसांचा उल्लेख सहज, सर्वांना ठाऊक असल्यासारखा येतो. भस्म बुधवारी कपाळावर लागणारी राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या जाळून करतात. तिथीप्रमाणे ईस्टरही चंद्रावर हलतो. २०२६ साली महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, भस्म बुधवार १८ ला आणि रमजानची सुरुवात त्याच आठवड्यात. वसई-मिरा रोड पट्ट्यातल्या एखाद्या कचेरीत डबा उघडणारे त्या दिवसांत मोजकेच.

मुंबईच्या परिसरात एक गंमत अशी की राखसुद्धा एकाच दिवशी लागत नाही. १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत सिरो-मलबार कॅथलिकांसाठी, म्हणजे मुख्यतः केरळातून आलेल्या कुटुंबांसाठी स्थापन झाला. त्यांचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो, लॅटिन पंथाच्या शेजाऱ्यांपेक्षा दोन दिवस आधी. त्याला ते पन्नास दिवसांचा ‘नोम्बु’ म्हणतात, आणि घरच्या शिस्तीत मांस, मासे, अंडी सगळेच वर्ज्य करणारे आजही पुष्कळ आहेत. याखेरीज निनवेच्या आठवणीतला तीन दिवसांचा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मरियेच्या नावे आठ दिवसांचा. आणखी पुढे इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चकडे पाहिले तर आपला चातुर्मासही लाजेल: साध्या भाविकाला वर्षातले सुमारे १८० दिवस आणि धर्मगुरू-मठवासीयांना २५० च्या आसपास. दूध-लोणीसुद्धा नाही, आणि दुपार उलटेपर्यंत पोटात काही नाही.

यांच्यापुढे वसई-गोव्यातला कॅथलिक ऐसपैस वाटतो खरा. गोव्यात उपवासकाळाला ‘कोरेज्म’ म्हणतात. त्याचा आधार ताटापेक्षा गाण्यावर, मिरवणुकांवर आणि शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेवर जास्त आहे. तरी गुड फ्रायडेला अनेक घरांत पेज आणि लोणचे एवढ्यावरच भागते, लग्ने पुढे ढकलली जातात, आणि एखादा काका चाळीस दिवस दारूला शिवत नाही. या शेवटच्या उपवासाचे मोल काकाच्या बायकोला विचारावे.

उपवास करायचा ठरवलेल्या माणसाला या परंपरेचा सल्ला काय? पहिला तर डोंगरावरील प्रवचनातलाच: तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, चेहरा पाडून फिरू नका. कोणाला कळता कामा नये. येशूने दाखल्यात उभा केलेला परूशी आठवड्यातून दोनदा उपवास करतो. ते खरेच करतो, पण मंदिरात उभे राहून देवाला त्याची आठवणही करून देतो, आणि तिथेच सगळे ओम फस होते.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत याला एक शहाणी पुरवणी जोडली. उपवासकाळात कोणता त्याग करणार ते प्रत्येक साधूने मठाधिपतीला सांगावे. त्याच्या संमतीवाचून केलेले सारे घमेंडीत जमा होईल. म्हणजे जगाला सांगू नका, पण एका जाणत्या माणसाला जरूर सांगा. ‘गुप्तपणे’ म्हणजे ‘एकट्याने’ नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकट्याने मांडलेला उपवास कधी हट्ट होतो आणि कधी आजार, हे ज्याचे त्याला कळत नाही. चौदाव्या शतकातली सिएनाची कॅथरिन ही थोर संत. तिच्या गुरूंनी आणि सोबत्यांनी खाण्याचा आग्रह धरूनही तिचे अन्न सुटत गेले आणि ती तेहतिसाव्या वर्षी गेली. आजच्या डॉक्टरांना त्यात वेगळेच काही दिसते. ज्या मुलीचे खाणे आधीच बिघडलेले आहे, आरशाशी जिचे भांडण आहे, तिने उपवासकाळात अन्न सोडू नये. तिच्यासाठी वेळेवर जेवणे हाच त्याग.

दुसरा सल्ला पाहुण्यांबद्दल. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांना भेटायला गेला आणि चकित झाला, कारण जिथे जावे तिथे ते उपवास मोडून त्याच्या पंगतीला बसत. एका वृद्धाने कारण सांगितले ते असे: उपवास माझ्याजवळ रोजच आहे, तू थोड्या वेळाने निघून जाशील, उपवास माझ्या मर्जीचा, आतिथ्य ही आज्ञा. घरी आलेल्या माणसापुढे आपला उपवास मिरवणाऱ्या सगळ्यांनी, धर्म कोणताही असो, हे वाचावे.

बाकीचे शरीराचे. उपवासकाळ कोकणपट्टीत ऐन फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, म्हणून पाणी कमी करू नये. लॅटिन चर्चचा आजचा नियम पाण्याला आड येत नाही. चहाबाजांनी भस्म बुधवारच्या आठवडाभर आधीपासून कप कमी करत यावेत, नाहीतर त्या दिवशीची डोकेदुखी प्रार्थनेची नसते, कॅफिनची असते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर रिकाम्या पोटी धोकादायक खाली उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण टाळू नये, आणि गोळी तर मनाने मुळीच बंद करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, अंगमेहनतीचे काम करणारे यांना जुन्या काळापासून सूट आहे. अनेक दिवसांचा कडक उपवास झाला असेल तर तो एकदम जेवणावर ताव मारून सोडणे जिवावर बेतू शकते. रक्तातली क्षारांची घडी विस्कटते. आणि येशूचे चाळीस दिवस ही गिरवायची पाटी नव्हे. चर्चने ते कधीच कोणाकडे मागितलेले नाहीत.

जेवणाची सुटलेली वेळ कशात जाते, हेही पाहायला हवे. ताटावरून उठून माणूस मोबाइलवर बसला तर भूक नुसतीच भूक राहते. त्या अर्ध्या तासात एखादे स्तोत्र, एखादी भेट, बरेच दिवस टाळलेला एखादा फोन. अलीकडे मोबाइलचाच उपवास करण्याची टूम आहे. ती वाईट नाही, पण मला तिच्यात हर्मासचा हिशेब बसवता येत नाही. न पाहिलेल्या रीळांतून कोणा विधवेला काय मिळणार?

भुकेला पवित्र ठरवण्याआधी एक गोष्ट महाराष्ट्राने तरी विसरू नये. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गमावली. व्रते, उपवास, दाने करत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या त्या विद्वान कुटुंबावर अन्नावाचून मरण्याची पाळी आली. पुढे १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी भुकेकंगाल मुली-विधवांना आणले, आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. लादलेली भूक आणि निवडलेली भूक यांतला फरक रमाबाईंइतका कोणाला ठाऊक असणार? तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसनेही हा फरक नोंदवलेला आहे: दारोदार तुकडे मागून जगणारा, ज्याला एकदा पोटभर मिळण्याची खात्री नाही, त्याला उपवासाचा नियम लागू नाही. पौल तर करिंथकरांवर संतापतो तो याचसाठी की प्रभुभोजनाला एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र.

प्रॉटेस्टंटांची वाट निराळी. झ्युरिकमध्ये ९ मार्च १५२२ रोजी, उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी, क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी चक्क सॉसेज खाल्ले गेले. तिथला धर्मोपदेशक त्सविंगली हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण दोन आठवड्यांनी खाण्याच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिले आणि स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेला तोंड फुटले. पण यादी फाडली म्हणून उपवास संपला नाही. जॉन वेस्ली ऐन उमेदीत बुधवार-शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपवास करी. आज मुंबई, पुणे, पालघरच्या छोट्या प्रार्थनागृहांत ‘उपवास-प्रार्थना’ हा रोजचा शब्द आहे: नोकरीसाठी, आजाऱ्यासाठी, लग्न जमावे म्हणून. दानिएलाच्या नावाने एकवीस दिवस भाजी-फळांवर राहणारेही आहेत. यातली तळमळ खरी असते. धोका सौद्याचा असतो: इतके दिवस उपाशी राहिलो, आता तू काम कर. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाची मंडळी उपवास करते तेव्हा मागणे काहीच नसते. उलट त्यांना आपली दोन उत्तम माणसे, बर्णबा आणि शौल, देऊन टाकावी लागतात.

आणि सौद्यापुढचा धोका मृत्यूचा. २०२३ मध्ये केनियातल्या शाकाहोला जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. उपाशी राहिलात तर येशूची भेट होईल, असे एका उपदेशकाने सांगितल्याचा आरोप आहे. मुलेही होती त्यांत. कोणी औषध सोडायला सांगितले, घरच्यांशी बोलणे बंद करायला सांगितले, उपवास किती दिवसांचा ते सांगायचे टाळले, तर तिथून उठून चालू पडावे. बेनेडिक्टचा मठाधिपती उपवासाला परवानगी देतो, म्हणजे नकारही देतो. नकार देणारा गुरू शोधावा.

ईस्टरच्या रात्री ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जॉन क्रिसोस्टमच्या नावाने चालत आलेले एक छोटे प्रवचन वाचतात. पहिल्या दिवसापासून उपवास केलेले या, अकराव्या तासाला आलेले या, मुळीच न केलेलेही या, पान वाढलेले आहे, असा त्याचा सूर. चाळीस दिवस काटेकोर राहिलेल्या माणसाला ते जरा झोंबत असणार. त्यानंतर पेन्टेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस सणाचे. त्या दिवसांत उपवास करणे गैर, असे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला तेर्तुलियन सांगतो, आणि तो स्वतः कमालीचा कडक माणूस होता. उपवासाचे दिवस चाळीस आणि आनंदाचे पन्नास, हा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. वसईत तो आपोआप मांडला जातो: खोळंबलेली लग्ने एप्रिल-मेमध्ये एकदम सुटतात, आणि आचाऱ्याला उसंत मिळत नाही.